शिक्षा भोगून झाल्यावर शस्त्रपरवाना



गुन्ह्यात शिक्षा झालेल्या माणसाला ती भोगून झाल्यावर पुन्हा कायदेशीरपणे बंदूक बाळगता येते का? भारतीय कायद्याचे उत्तर दोन टप्प्यांचे आहे. ठरावीक प्रकारच्या गुन्ह्यात कैद झाली असेल तर शिक्षा संपल्यापासून पाच वर्षे बंदुकीला हात लावता येत नाही. पाच वर्षांनंतर ही मनाई आपोआप उठते, पण परवाना आपोआप मिळत नाही. त्यासाठी नव्याने अर्ज करावा लागतो आणि अर्जाचे काय करायचे हे परवाना अधिकारी, म्हणजे जिल्ह्यात जिल्हादंडाधिकारी, ठरवतात. मनाई उठणे आणि परवाना मिळणे यांच्यामध्ये जी मोकळी जागा आहे, तिच्यात माणसे वर्षानुवर्षे अडकून पडतात. आजचा विषय तीच जागा.

हा प्रश्न आपल्या वाशीम जिल्ह्यात कुठून येतो? तो शेतातून येतो. सोयाबीन शेंगेवर आले, तूर फुलावर आली, हरभरा घाट्यावर आला की रोही आणि रानडुकरांचे कळप उतरतात. एका रात्रीत एकरभर पीक आडवे होते. मग जागल सुरू होते: माळा, बॅटरी, फटाके, डबे वाजवणे, तारांचे झटका कुंपण. या परिस्थितीची दखल १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने घेतलेली आहे. त्याच्या कलम १३ नुसार नागरिकाला खरोखरच्या पीक संरक्षणासाठी तोंडाने भरायची, म्हणजे भरमार, बंदूक हवी असेल, किंवा संरक्षणासाठी अथवा खेळासाठी किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत नळी असलेली बंदूक हवी असेल, तर परवाना द्यावा, असा सर्वसाधारण नियम आहे. भरमार पुरेशी नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर पिकासाठीही दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मंजूर करता येते. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारख्या इतर शस्त्रांसाठी मात्र 'सबळ कारण' दाखवावे लागते. आणखी एक तरतूद कोरडवाहू शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ स्पष्ट सांगते.

म्हणजे शेतकऱ्याला बंदुकीचा हक्क आहे का? घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही. यामागे मोठा इतिहास आहे. १८७८ मध्ये व्हाइसरॉय लिटनच्या काळात झालेल्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जाचात टाकले आणि युरोपीयांना सूट दिली. तो अपमान राष्ट्रीय चळवळीला इतका झोंबला होता की १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांचा ठराव केला, तेव्हा नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही त्यात घातला. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत हा हक्क राज्यघटनेत यावा म्हणून दुरुस्ती मांडली गेली. मांडणारे होते हरी विष्णू कामत, मध्यप्रांत आणि वऱ्हाडचे प्रतिनिधी. वाशीम तेव्हा त्याच वऱ्हाडात होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दुरुस्तीला विरोध केला. असा हक्क सरसकट सर्वांना दिला तर गुन्हे करणाऱ्यांनाही तो घटनेच्या नावाने मागता येईल, हा त्यांच्या उत्तराचा एक रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेच्या अनुच्छेद १९ ने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, पण शांततेने आणि विनाशस्त्र.

आज आपण ज्या प्रश्नाचा विचार करतो आहोत, त्याचे बीज त्या चर्चेत आहे. हक्क सर्वांना दिला तर गुन्हेगाराला कसा नाकारायचा? आणि परवाना पद्धत ठेवली तर एकेकाळच्या गुन्हेगाराला तो कायमचा नाकारायचा का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर संविधान सभेने दिले. दुसऱ्याचे उत्तर अकरा वर्षांनी झालेल्या शस्त्र अधिनियमाने दिले. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला.

ते उत्तर कलम ९ मध्ये आहे. हिंसेचा किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा सिद्ध होऊन ज्याला कैदेची शिक्षा झाली, त्याने शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांत बंदूक किंवा दारूगोळा मिळवू नये, बाळगू नये, घेऊन फिरू नये. सुरुवातीला ही मनाई सहा महिने किंवा अधिक कैद झालेल्यांपुरती होती. १९८३ च्या दुरुस्तीने ती मर्यादा काढली. आता कैद कितीही दिवसांची असो, मनाई लागू होते.

या कलमातला प्रत्येक शब्द वेगळा तपासावा लागतो, कारण गावात सगळे एकाच मापाने मोजले जाते. "त्याच्यावर केस होती", एवढे म्हटले की विषय संपतो. कायदा मात्र एवढ्यावर थांबत नाही. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोषसिद्धी नव्हे. दोषसिद्धी झाली तरी नुसता दंड झाला असेल तर कैद झालेली नसते, आणि कलम ९ ची ही मनाई लागत नाही. कैद झाली तरी गुन्हा हिंसेचा किंवा नैतिक अधःपतनाचा असावा लागतो. धुऱ्यावरून भावकीत भांडण झाले, काठ्या-कुऱ्हाडी चालल्या आणि घातक हत्याराने दुखापत केल्याबद्दल कैद झाली, तर ती हिंसा आहे. तिथे वाद नाही. नैतिक अधःपतनाची सीमा मात्र धूसर आहे. हरयाणातल्या एका कनिष्ठ कर्मचाऱ्याला अश्लील वर्तनाच्या किरकोळ गुन्ह्यात २० रुपये दंड झाला होता, तेवढ्यावर त्याची नोकरी गेली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मूळ वृत्तीतच नीच, भ्रष्ट म्हणावे असे कृत्य असेल तरच त्याला नैतिक अधःपतन म्हणता येते, हा त्या निकालाचा गाभा. तो खटला नोकरीचा होता, पण बंदुकीच्या अर्जावर शेरा लिहिणाऱ्यालाही तीच कसोटी लावावी लागेल.

दोन पळवाटा वाटाव्यात अशा, पण प्रत्यक्षात कायद्याने विचारपूर्वक ठेवलेल्या वाटा आहेत. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाखाली न्यायालयाने दोषीला कैदेऐवजी समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडले, तर त्या अधिनियमाच्या कलम १२ मुळे दोषसिद्धीला चिकटणारी अपात्रता त्याला चिकटत नाही. पहिल्यांदाच चुकलेल्या तरुणाच्या वकिलाने शिक्षेच्या दिवशी हे कलम मागितले की नाही, यावर त्या तरुणाची पुढची कितीतरी वर्षे अवलंबून असतात. दुसरी वाट बालकांची. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाचे कलम २४ अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातून घडलेल्या गुन्ह्याची अपात्रता त्याला पुढे बाधू देत नाही. सोळा वर्षांपुढच्या मुलावर प्रौढ म्हणून खटला चालला असेल तर मात्र हे संरक्षण राहत नाही.

याउलट एक गोष्ट लोक हलकी समजतात आणि ती बंदुकीला लगेच भोवते. ती म्हणजे चॅप्टर. निवडणूक, सण किंवा जुनी दुष्मनी पाहून पोलीस प्रस्ताव पाठवतात, कार्यकारी दंडाधिकारी शांतता राखण्याचे किंवा चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र लिहून घेण्याचा आदेश देतात. पूर्वी ही कलमे १०७ आणि ११० होती; आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १२६ आणि १२९ आहेत. चॅप्टरमध्ये कोणी दोषी ठरत नाही. तरीही बंधपत्राचा आदेश झाला की त्याच्या मुदतीत बंदूक बाळगायला कलम ९ नेच मनाई आहे. मुदत संपली की मनाईही संपते.

आता पाच वर्षे मोजायची कधीपासून? निकालाच्या दिवसापासून नव्हे, अटकेच्या दिवसापासून नव्हे. शिक्षा संपल्याच्या दिवसापासून. महाराष्ट्राला परिचित असलेले उदाहरण संजय दत्तच्या खटल्याचे. १९९३ मध्ये अटक झाली. नोव्हेंबर २००६ मध्ये विशेष न्यायालयाने टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या आरोपातून मुक्त करून शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवले. जुलै २००७ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. मार्च २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पाच वर्षांवर आणली आणि २५ फेब्रुवारी २०१६ रोजी चांगल्या वर्तणुकीची सूट मिळून येरवड्यातून सुटका झाली. अटक आणि सुटका यांत जवळपास तेवीस वर्षे गेली. शस्त्र बाळगण्याचा गुन्हा कलम ९ च्या व्याख्येत बसतो का हा वेगळा वादविषय आहे; इथे पाहायचे ते फक्त कालगणनेचे. कलम ९ लागू धरले तर अशा खटल्यात पाच वर्षे सुरू होतात ती शेवटच्या तारखेपासून.

सामान्य माणसाच्या बाबतीत याचा अर्थ फार कडक निघतो. समजा, २०१५ मध्ये सहा महिने कैद झाली. अपील केले, शिक्षेला स्थगिती मिळाली, माणूस जामिनावर घरी. अपील आठ वर्षे पडून राहिले आणि २०२३ मध्ये फेटाळले गेले. त्याने सहा महिने भोगले. त्याची पाच वर्षे आता सुरू होणार. मधली आठ वर्षे कुठे गेली? शिक्षेला स्थगिती म्हणजे दोषसिद्धीला स्थगिती नव्हे, हे तर अनेकांना अपील फेटाळल्यावरच कळते. कलम ९ चे शब्द शिक्षा संपल्यानंतरच्या काळाबद्दल आहेत; अपील लटकलेले असतानाच्या काळाबद्दल ते थेट बोलत नाहीत. म्हणून त्या काळात अधिकारी दुसऱ्या कलमांचा आधार घेतात, आणि तिथे खरी मोकळीक अधिकाऱ्यांना आहे.

ती मोकळीक देणारे शब्द कलम १४ मध्ये आहेत. अर्जदार 'कोणत्याही कारणाने' परवान्यास अयोग्य आहे असे मानण्यास आधार असेल, किंवा सार्वजनिक शांतता व सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटेल, तर परवाना नाकारता येतो. पाच वर्षे संपली, कलम ९ बाजूला झाले, आणि माणूस कलम १४ पुढे उभा राहिला. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे तो अर्ज भरतो, त्यात आपली पूर्वीची शिक्षा लिहितो. ती लपवली तर मिळालेला परवानाही त्याच कारणावरून रद्द होतो, हे सांगायला हवे. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडतो, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतो. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेतून पोलिसांकडे चौकशीला जातो. जिल्ह्यातल्या अनसिंगच्या माणसाचा अर्ज अनसिंग ठाण्यात येतो.

ठाण्यात काय होते, तिथे सगळे ठरते. चौकशी दोन प्रकारे होऊ शकते. एका प्रकारात बीट अंमलदार गावात जातो, पोलीस पाटलाला विचारतो, ज्याच्याशी धुऱ्याचे भांडण झाले होते त्या भावकीला विचारतो, घरातल्या बाईला विचारतो. भांडण मिटले का? जमिनीची मोजणी झाली का? माणूस दारू पितो का? शेत जंगलाला लागून आहे का? दुसऱ्या प्रकारात जुने रजिस्टर उघडतात, गुन्हा क्रमांक आणि कलम उतरवून घेतात, खाली लिहितात: सदर इसमाची पार्श्वभूमी गुन्हेगारी स्वरूपाची असल्याने शिफारस नाही. पहिली चौकशी माणसाची असते. दुसरी फक्त कागदाची. आणि वर बसलेला अधिकारी त्या एका ओळीवर 'नामंजूर' लिहितो, तेव्हा संसदेने पाच वर्षांची घातलेली मुदत एका कारकुनी वाक्याने आजन्म होते.

हे चूक आहे. ठाण्यातली माणसे वाईट असतात म्हणून नव्हे; त्यांच्यावर कामाचा बोजा मोठा आहे आणि परवाना दिल्यावर काही घडले तर जाब त्यांनाच विचारला जातो. नकार देणाऱ्याला मात्र कोणी जाब विचारत नाही. म्हणून नकार सोपा होतो. तरीही चूक ती चूकच. केवळ खटला प्रलंबित आहे एवढ्यावर परवाना नाकारणे किंवा रद्द करणे योग्य नाही, असे वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी वारंवार म्हटले आहे. ज्याचा खटला, शिक्षा आणि पाच वर्षे असे तिन्ही संपले, त्याच्याबद्दल तर अधिक काटेकोर कारण हवे. कायदा तसे मागतोही. नाकारताना कारणे लेखी नोंदवावीत आणि अर्जदाराने मागितली तर त्याला थोडक्यात द्यावीत, सार्वजनिक हिताला बाधा येत असेल तरच देऊ नयेत, असे कलम १४ चे तिसरे उपकलम सांगते.

आधीच परवाना असलेल्या माणसाला शिक्षा झाली तर त्याच्या बंदुकीचे काय होते? बाळगणे बेकायदा झाले की ती लगेच जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. निवडणुकीच्या काळात बंदुका जमा करण्याचा अनुभव इथल्या परवानाधारकांना आहे: ठाणेदारांसमोर नळी मोकळी करून दाखवायची, काडतुसे मोजून द्यायची, क्रमांक पडताळून पावती घ्यायची. ही जमा वेगळी असते, कारण निवडणुकीनंतर बंदूक परत येते. शिक्षेनंतर जमा केलेली बंदूक मात्र मालखान्यात पडून राहते. विहित मुदतीत मालकाने ती परवाना असलेल्या दुसऱ्या कोणाला, उदाहरणार्थ परवाना मिळवलेल्या मुलाला, दिली किंवा विकली तर तेवढे मूल्य वाचते. मुदत टळली की ती सरकारजमा होऊ शकते. कितीतरी आजोबांच्या बारा बोअर अशाच गंजल्या, कारण ही मुदत घरात कोणाला माहीत नव्हती.

आणि शिक्षा अपिलात रद्द झाली तर? शस्त्र कायद्याखाली दोषी ठरवताना न्यायालयानेच परवाना रद्द केला असेल किंवा शस्त्र जप्त केले असेल, तर दोषसिद्धी रद्द होताच ते आदेशही रद्द होतात. कलम १७ आणि ३२ मध्ये तसे लिहिलेले आहे. परवाना जिल्हादंडाधिकाऱ्यांनी रद्द केला असेल तर मात्र निर्दोष सुटल्याने तो आपोआप जिवंत होत नाही. निकालाची प्रमाणित प्रत घेऊन त्यांच्याकडे किंवा अपिलात जावे लागते.

इतर देशांत काय आहे, ते थोडक्यात. ब्रिटनमध्ये १९६८ च्या कायद्याने शिक्षेच्या लांबीप्रमाणे पायऱ्या केल्या: तीन महिने ते तीन वर्षांची कैद झाली तर पाच वर्षे मनाई, तीन वर्षे किंवा अधिक झाली तर आजन्म, ती उठवायला न्यायालयात अर्ज करता येतो. अमेरिकेत शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क, तरी त्याच १९६८ सालच्या संघीय कायद्याने एक वर्षाहून अधिक कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला जवळजवळ कायमची बंदी घातली. ती उठवण्याचा मार्ग कागदावर होता, पण १९९२ पासून अमेरिकी काँग्रेसने त्या कामाला पैसाच दिला नाही, आणि तो मार्ग तीस वर्षांहून अधिक काळ बंद पडला. २०२५ मध्ये तिथल्या न्याय खात्याने तो पुन्हा सुरू करायला घेतला. दरम्यान पेन्सिल्व्हेनियातल्या एका माणसाने, ज्याने १९९५ मध्ये सरकारी अन्नमदतीसाठी उत्पन्नाची खोटी माहिती दिल्याचा गुन्हा कबूल केला होता, न्यायालयात विचारले: या गुन्ह्यात हिंसा कुठे आहे? अपील न्यायालयाने २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्याच्या बाजूने निर्णय दिला. ज्या देशात बंदूक हक्क आहे तिथे बंदी आजन्म, आणि जिथे ती फक्त परवाना आहे तिथे बंदी पाच वर्षांची. भारतीय तरतूद अधिक समंजस आहे, असे यावरून निःसंकोच म्हणता येते.

पण समंजस तरतुदीलाही दुसरी बाजू असते. बंदूक शेतात असते तशी घरातही असते. ज्याने बायकोला मारहाण केली, ज्याच्या भीतीने लेकरे शेजारी झोपायला जातात, त्याची पाच वर्षे संपली तरी त्याला बंदूक देऊ नये. कलम १४ मधला 'अयोग्य' हा शब्द अशा माणसासाठीच राखून ठेवायला हवा. म्हणून चौकशीत घरातल्या बाईचा जबाब हवा, तोही नवरा समोर नसताना. तिचा जबाब न घेता दिलेला होकार हा जुन्या रजिस्टरवरून दिलेल्या नकाराइतकाच बेजबाबदार आहे.

परवाना परत मिळालेल्या माणसानेही एक मर्यादा ओळखावी. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकाची नासाडी करणाऱ्या रोह्याला किंवा रानडुकराला मारायचे असेल तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ११ प्रमाणे वन विभागाची वेगळी लेखी परवानगी लागते. याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांचे अभयारण्य आहे. काळविटावर झाडलेली एक गोळी माणसाला पुन्हा तुरुंगात घालू शकते, आणि परवान्याचा प्रवास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

ज्यांचा अर्ज नामंजूर झाला आहे किंवा होईल, त्यांच्यासाठी शेवटची गोष्ट. तोंडी नकारावर घरी परत जाऊ नका. आदेश लेखी मागा, त्यात कारण लिहिलेले आहे का ते पाहा, नसेल तर कलम १४ दाखवून कारणाची मागणी लेखी करा आणि तिची पोच घ्या. जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली विभागीय आयुक्तांकडे अपील होते. त्याची मुदत तीस दिवसांची आहे.